लग्न लावायला बाई चालते का? पौरोहित्याचा अधिकार नेमका कुणाच्या हातात असतो?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलण्याच्या ओघात आलेलं तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीट लावून.

आजचा प्रश्न साधा आहे. लासुर्ण्यात, जंक्शनला, बारामतीत, कुठंही लग्न ठरलं की यादी निघते. हॉल, केटरिंग, घोडा, फोटोग्राफर. आणि एक ओळ असते, ‘गुरुजी’. ते कोण, हे ठरलेलंच असतं. त्या ओळीत एखाद्या बाईचं नाव का नसतं? तिला मनाई आहे का? असेल, तर केली कुणी?

आधी जरा लांब जाऊन येऊ, म्हणजे आपलं गणित सोपं होईल.

एकच कुलूप असलेला दरवाजा

अमेरिकेत 1830 साली जोसेफ स्मिथ यांनी एक ख्रिस्ती पंथ सुरू केला. लोक त्याला मॉर्मन म्हणतात. त्यांच्याकडे गावोगावी पगारी पाद्री नसतात. साधारण अकरा-बारा वर्षांचा झाला की चांगल्या वागणुकीच्या प्रत्येक मुलाला डोक्यावर हात ठेवून पुरोहितपद दिलं जातं. म्हणजे शेतकरी, डॉक्टर, ड्रायव्हर, सगळे पुरुष पुरोहित. मुलींना मात्र ते मिळत नाही. बायकांची स्वतःची संघटना 1842 पासून आहे, त्या प्रार्थना करतात, प्रवचन देतात, पण पुरोहितपद नाही.

2013 मध्ये केट केली आणि इतर काही जणींनी ‘ऑर्डेन विमेन’ नावाची चळवळ सुरू केली. मागणी एकच, आम्हालाही पुरोहितपद द्या. जून 2014 मध्ये केट केली यांनाच पंथातून काढून टाकलं.

पण याच जोसेफ स्मिथ यांना मानणारी दुसरी एक शाखा आहे, आज तिचं नाव ‘कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट’. तिनं 1984 मध्ये बायकांना पुरोहितपद खुलं केलं. मूळ पुरुष तोच, निर्णय उलटा. कारण दोन्हीकडे निर्णय सर्वोच्च प्रमुखाच्या हातात. त्यानं ठरवलं तर दार उघडतं, नाहीतर नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे असा एकच प्रमुख आहे का? नाही. मग बाईला अडवतं कोण?

शिकणं एक, अधिकार दुसरा

आपल्याकडे अडसर होता तो मुंजीचा. मुंज झाली की वेद शिकायचा अधिकार. ऋग्वेदात घोषा, लोपामुद्रा यांच्या नावावर सूक्तं आहेत. वेद शिकणाऱ्या मुलींचा, म्हणजे ब्रह्मवादिनींचा, उल्लेख जुन्या धर्मशास्त्रात सापडतो. पुढच्या काळात मात्र मुलींची मुंज बंद झाली आणि वेदमंत्र बायकांना आणि शूद्र ठरवलेल्या सगळ्यांना बंद झाले. हे एकाच वेळी दोघांवर लावलेलं कुलूप आहे, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातलं केडगाव माहीत आहे ना? तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. आईनं रमाबाईंना शिकवलं. 1878 मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विद्वत्ता मान्य झाली, पण म्हणून कुणी त्यांना पौरोहित्याला बोलावलं नाही.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. तिथं तरी वेगळं? त्यांनी तरुण मुलांना शिकवावं की नाही, यावर भारतातल्या इंग्रज बिशपांनीच हरकत घेतली! रमाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढे केडगावात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. छापखान्यात कामाला बायकाच. धर्म बदलला, देश बदलला, पण ‘तुला येतं, हे ठीक, अधिकार आमचा’ हे वाक्य दोन्हीकडे तेच.

न विचारता उघडलेलं दार

मग बदल झाला कसा? कुणीतरी परवानगी दिली म्हणून नाही. शिकवणारे मिळाले म्हणून.

शिर्डीजवळच्या साकोरीत उपासनी महाराजांनी कन्यांना वेदमंत्र आणि यज्ञ शिकवले. त्यावर टीका झाली, तरी पुढे गोदावरीमातांनी ती परंपरा चालवली. तिथं कन्याच यज्ञ करतात.

1970च्या दशकात पुण्यात शंकरराव थत्ते, सगळे त्यांना मामा थत्ते म्हणत, यांनी शंकर सेवा समितीमार्फत बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. गृहिणी, नोकरीतून निवृत्त झालेल्या बायका आल्या आणि शिकल्या. नंतर ज्ञान प्रबोधिनीच्या संस्कृत संस्कृती संशोधिकेनं, म्हणजे संत्रिकेनं, पुरोहित प्रशिक्षण सुरू केलं. तिथं स्त्री-पुरुष दोघं, आणि जातीची अट नाही. म्हणजे मघाशी सांगितलेलं ते दुहेरी कुलूप एकदमच निघालं. त्यांच्या पोथ्यांमध्ये मंत्राबरोबर मराठी अर्थही असतो, त्यामुळे नवरा-नवरीला आपण काय वचन देतोय ते कळतं.

आज पुण्यात स्त्री पुरोहित लग्न लावतात, वास्तुशांत, मुंज करतात. तिथं ही आता बातमी राहिलेली नाही.

देवळाचं गणित वेगळं

घरचं कार्य आणि देवळाचा गाभारा यात फरक आहे. घरात यजमान बोलावेल तो पुरोहित. देवळात पुजाऱ्याची जागा वंशाची किंवा समितीची. तिथं नुसतं शिकून भागत नाही, कायदा लागतो.

1955 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पुजारीपणाचा वारसा बाईकडे येऊ शकतो. पूजा ती बदली माणसाकडून करून घेऊ शकते. म्हणजे हक्क तिचा, हात दुसऱ्याचा!

आणि पंढरपूर. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा 1973 चा, पण कोर्टकज्जे चालले ते जानेवारी 2014 पर्यंत. सुप्रीम कोर्टात निकाल लागला आणि त्याच वर्षी मंदिर समितीनं पुजारी नेमण्यासाठी सगळ्या जातींच्या लोकांकडून, बायकांकडूनही, अर्ज मागवले. बघा, 2014 हेच साल. तिकडे पुरोहितपद मागितलं म्हणून एका बाईला पंथाबाहेर काढलं, इकडे विठ्ठलाच्या पूजेसाठी बायकांचे अर्ज मागवले.

मग आपल्याकडे अडलंय कुठं?

कायद्यात नाही. 1955च्या हिंदू विवाह कायद्यातलं कलम 7 सांगतं की दोघांपैकी एका बाजूच्या रूढीप्रमाणे विधी झाले की लग्न झालं. पुरोहित पुरुषच हवा, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

‘आपले नेहमीचे गुरुजी रागावतील’ हा दुसरा मुद्दा. याचा निकाल तर आपल्याच पुणे जिल्ह्यात लागलाय. जोतीराव फुल्यांच्या काळात ओतूरच्या सत्यशोधकांनी भटजी न बोलावता लग्नं लावली. ग्रामजोशी कोर्टात गेले, विधी आम्ही केला नाही तरी दक्षिणा आमचीच! खटला हायकोर्टापर्यंत गेला आणि यजमानांची बाजू टिकली. कुणाला बोलवायचं हे ज्याचं कार्य तो ठरवणार.

तिसरा मुद्दा लोक कुजबुजत सांगतात, पाळीचा. आता पुरुष गुरुजींनाही सुतक असतं, ताप येतो. तेव्हा ते दुसऱ्याला पाठवतात. स्त्री पुरोहितही ज्याला जसं पटतं तसं करतात. काही जणी पाळत नाहीत, काही जणी सहकारी पाठवतात. हे कामाचं नियोजन आहे, अपात्रता नाही.

उरते ती सवय. कारखान्याचं बॉयलर पेटवताना पूजा जोडप्याच्या हातून होते, पण पळी नवऱ्याच्या हातात आणि बायकोला सांगतात, ‘तुम्ही हाताला हात लावा.’ आषाढात तुकोबांची पालखी बेलवाडीहून लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याला जाते, तेव्हा डोक्यावर तुळस घेऊन शेकडो बाया चालतात. अभंग त्यांना तोंडपाठ, एकादशी त्याच धरतात, घरचा देव्हारा त्याच सांभाळतात. भक्तीत पुढे आणि विधीत हाताला हात, अशी वाटणी आपण केली आहे.

मॉर्मन बाईला तिच्या प्रमुखाच्या निर्णयाची वाट पाहावी लागते. तुम्हाला नाही. आपल्याकडे घरच्या कार्यापुरता तो प्रमुख म्हणजे यादी लिहिणारा माणूस. पुढच्या दोन-चार वर्षांत तुमच्यातल्या बऱ्याच जणांची, जणींची लग्नं निघतील. ‘गुरुजी’च्या ओळीपुढे कुणाचं नाव लिहायचं, हे घरात एकदा बोलून तरी बघा. आणि कुणाच्या आईला, मावशीला मंत्र शिकायची हौस असेल, तर हा एपिसोड तिला नक्की पाठवा.

भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!