सोंड्याचं बारसं

पावसाळ्यात तांदळाचा डबा उघडला की तिळाएवढे काळपट किडे सुपावर धावू लागतात. आपण त्यांना सोंडे म्हणतो, तांदूळ उन्हात पसरतो आणि विषय संपवतो. स्वीडनच्या लिनियसने १७६३ साली याच किड्याचं वर्णन करून त्याला शास्त्रीय नाव दिलं. आज तो सिटोफिलस ओरायझी म्हणून ओळखला जातो. त्याचे रानातले कितीतरी भाऊबंद मात्र अजून बिनबारशाचे आहेत. सोंडे ज्यांत मोडतात त्या भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जाती आजवर नोंदल्या गेल्या, तरी उष्ण प्रदेशातल्या जंगलाचा पाचोळा चाळला की निनावी किडा हाती लागणं मुळीच नवलाचं नाही. खरी मेहनत पुढे असते. ही जात आधी कुणीही नोंदलेली नाही, हे दाखवून द्यावं लागतं.

सुलावेसीचे १०३

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर ट्रायगोनॉप्टेरस नावाच्या प्रजातीतले सोंडकिडे राहतात. लांबी दोन-तीन मिलिमीटर, पंख नाहीत, त्यामुळे डोंगर ओलांडून दुसरीकडे जाण्याची सोय नाही. प्रत्येक डोंगरावर वेगळी जात तयार व्हायला एवढं पुरतं. १८८५ साली या बेटावरून या प्रजातीतली एक जात नोंदली गेली आणि मग सव्वाशेहून अधिक वर्षं तिथे शांतता होती. २०१९ मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रूह इथल्या संग्रहालयाचे अलेक्झांडर रीडल आणि इंडोनेशियाचे रादेन प्रामेसा नाराकुसुमो यांनी एकाच शोधनिबंधात तिथल्या १०३ नव्या जातींचं वर्णन केलं.

याच प्रजातीतल्या पापुआच्या एका जातीने २०११ साली वेगळंच नाव कमावलं होतं. तिच्या पायाचा खुब्याजवळचा सांधा नट-बोल्टसारखा आट्यांचा निघाला! माणसाने स्क्रू बनवला त्याच्या कितीतरी आधी किड्याच्या पायात तो फिरत होता.

पाचोळ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत

गोळा करण्याची साधनं अगदी साधी आहेत. झुडपाखाली पांढरं कापड धरायचं आणि फांदीवर काठी मारायची. जमिनीवरचा पाचोळा जाड चाळणीतून चाळायचा आणि चाळलेला चुरा जाळीच्या पिशवीत टांगून ठेवायचा. चुरा वाळत जातो तसे किडे ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. सोंडकिडे धक्का लागताच पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात, म्हणून मातीचा कण समजून त्यांना फेकून देण्याची चूक नवख्याकडून हमखास होते.

मोठ्या भुंगेऱ्याला टाचणी टोचतात. दोन मिलिमीटरच्या किड्याला टोचली तर किडाच उरत नाही. म्हणून पुठ्ठ्याचा छोटा त्रिकोण कापून त्याच्या टोकावर किडा डिंकाने चिकटवतात आणि टाचणी पुठ्ठ्यातून घालतात. खाली चिठ्ठी असते. तिच्यावर ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहितात. चिठ्ठी हरवली तर कितीही दुर्मीळ किडा शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निकामी ठरतो.

वेगळेपण कुठे दिसतं

इथे पुन्हा डब्यातला सोंडा उपयोगी पडतो. तांदळातला सोंडा आणि मक्यातला सोंडा या दोन स्वतंत्र जाती आहेत. मक्यातला सरासरीने थोडा मोठा, पण नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही. खात्री नराच्या जननेंद्रियावरून होते. तांदळातल्या सोंड्याचं इंद्रिय वरच्या बाजूने गुळगुळीत असतं, मक्यातल्याच्या इंद्रियावर दोन लांबट खाचा असतात. हा फरक नीट रुळेपर्यंत दोघांची इतकी सरमिसळ झाली होती की जुन्या लिखाणात कोणत्या सोंड्याबद्दल बोलणं चाललंय, हे कित्येकदा ओळखता येत नाही.

भुंगेऱ्यांच्या बहुतेक कुळांत हाच अनुभव येतो. बाहेरून जुळी भावंडं वाटणाऱ्या जातींत नराच्या इंद्रियाचा आकार वेगळा निघतो. त्यामुळे अभ्यासक किडा मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं पोट उघडतो, इंद्रिय बाहेर काढतो, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करतो आणि त्याचं चित्र काढतो. या कामाला हात स्थिर लागतो. सकाळच्या चहाचा दुसरा कप टाळलेला बरा.

आता जोडीला डीएनए आला आहे. एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून जातींमधलं अंतर पाहतात. रीडल यांच्या कामाचा वेग यामुळेच वाढला. जनुकाने गट पाडून दिले की कुठे निरखून पाहायचं ते कळतं. मला मात्र एवढ्यावर जात ठरवणं पटत नाही. प्राणिनामकरणाचे नियमही नव्या जातीचं वेगळेपण शब्दांत मांडायला सांगतात.

लाल चिठ्ठीचा मानकरी

गोळा केलेल्या नमुन्यांपैकी एकच किडा होलोटाइप म्हणून निवडतात. पुढे कधीही वाद झाला तर हे नाव नेमकं कुणाचं, याचा निवाडा त्या एका मेलेल्या किड्याकडे पाहून होतो. त्याला परंपरेने लाल चिठ्ठी लावतात. असा नमुना निवडून तो कुठे ठेवला आहे हे जाहीर करणं २००० सालापासून सक्तीचं आहे.

नाव ठेवणं

नाव लॅटिन धाटणीचं, दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याचं लिंग पहिल्याशी जुळावं लागतं. बाकी मोकळीक भरपूर आहे. सुलावेसीच्या १०३ जणांत चित्रपटातल्या पात्राचं नाव मिळालेला हिरवट रंगाचा एक योडा आहे; चित्रकथांतले अॅस्टेरिक्स, ओबेलिक्स आहेत; डार्विनही आहे. एवढी नावं एकदम सुचवायची म्हणजे कुणाचाही शब्दसाठा आटेल. किड्याला स्वतःचं नाव द्यायला नियमांत बंदी नाही, पण तसं करणाऱ्याकडे बिरादरी तिरक्या नजरेने पाहते.

किडा सापडण्यात आणि नाव मिळण्यात कधी कधी उभा जन्म जातो. केनियात १९६४-६५ मध्ये गोळा केलेला, मिलिमीटरहूनही लहान, डोळे आणि पंख नसलेला एक भुंगेरा लंडनच्या संग्रहालयात पडून होता. २०१९ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि पर्यावरण-कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्ग हिच्यावरून नेलॉप्टोडीस ग्रेटी हे नाव त्याला मिळालं.

सह्याद्रीत सापडला तर

जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे भारतात नवी जात सापडली तर नेमलेल्या संस्थेला कळवून तिथे नमुना जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यांतली प्रमुख संस्था, तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

त्याआधीचं काम मात्र कपाटांतलं आहे. इंग्रज अमदानीत इथून नेलेल्या कितीतरी भुंगेऱ्यांचे लाल चिठ्ठीवाले नमुने लंडनमध्ये आहेत. सोंडकिड्यांवरचा गाय मार्शल यांचा ग्रंथ १९१६ सालचा. आंबोलीच्या पाचोळ्यात सापडलेला सोंडकिडा नवा म्हणायचा तर आधी तो ग्रंथ चाळायचा, मग ते नमुने पाहायचे किंवा त्यांचे फोटो मागवायचे. यात आळस झाला तर शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेल्या किड्याचं दुसऱ्यांदा बारसं होतं. नियमाप्रमाणे जुनं नाव टिकतं आणि नवं त्याच्याखाली बारीक अक्षरांत समानार्थी म्हणून छापलं जातं, ते ठेवणाऱ्याच्या आडनावासकट.