मोबाईल असताना कागदी नकाशा कशाला?

मुलांना एकदा विचारून बघा, "आपल्या शाळेपासून तालुक्याचं गाव कोणत्या दिशेला?" बरीच मुलं आधी मोबाईल शोधतील. रस्ता दाखवण्याचं काम मोबाईल चोख करतो, त्याबद्दल वादच नाही. पण त्यावर वाट शोधताना मधोमध कायम आपणच असतो. आपण वळलो की नकाशा वळतो, दोन बोटांनी ताणला की प्रमाण बदलतं. मग दिशा आणि प्रमाण या दोन गोष्टी मुलाच्या डोक्यात स्थिर होणार तरी कधी?

यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे आपली टोपोशीट, वर्गात आणा. ही संस्था १७६७ सालची. पुढे १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ साखळीने जमीन मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. ते मोजत मोजत उत्तरेकडे आले आणि १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. हे सांगितलं की मुलं नकाशाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

आता शीट जमिनीवर पसरा. चार-पाच मुलं भोवती बसली पाहिजेत. मोबाईलभोवती ती तशी बसू शकत नाहीत. प्रमाण १:५०,०००, म्हणजे २ सेंटिमीटरला १ किलोमीटर. घाटाच्या वळणावळणाच्या रस्त्यावर दोरा ठेवत जायला सांगा, मग दोरा सरळ करून पट्टीवर मोजा. १४ सेंटिमीटर भरला, तर रस्ता ७ किलोमीटर. मग त्याच दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजा. घाट म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही.

समोच्च रेषा तर इथेच कळतात. सह्याद्रीतल्या शीटवर लगतच्या दोन तपकिरी रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक असतो. पायथ्याच्या गावापासून किल्ल्यापर्यंत पेन्सिलीने रेघ मारून रेषा मोजू द्या. लागोपाठ पाच अंतरं चढली की १०० मीटर. जिथे रेषा एकमेकींना चिकटल्या तिथे कडा! मोबाईलच्या नेहमीच्या नकाशात हॉटेलं नि दुकानं भरपूर, पण ही चढण दिसत नाही.

रंगही बघा. पाणी निळं, जंगल हिरवं, शेती पिवळी. ओढे मात्र पुष्कळदा काळ्या रेषेने काढलेले असतात, कारण ते वर्षातला बराच काळ कोरडे असतात. दुष्काळी भागातल्या मुलांना ही काळी रेषा लगेच पटते.

पालकांनो, सुट्टीत गावाला जाताना जिल्ह्याचा नकाशा मुलाच्या मांडीवर द्या. पुढचं गाव कोणतं, नदी डावीकडे येणार की उजवीकडे, हे त्यालाच सांगू द्या. चुकलं तर चुकू दे, मोबाईल आहेच खिशात.

टोपोशीटच्या पीडीएफ विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. छापताना एक सांभाळा: कागदात मावावी म्हणून शीट लहान केली, तर १:५०,००० हा आकडा खोटा ठरतो. खालची रेषाप्रमाणाची पट्टी मात्र नकाशाबरोबरच आक्रसते, म्हणून ती बरोबर राहते. अशी प्रत हाती आली तर टाकू नका. दोन्ही प्रमाणांनी एकच अंतर मोजायला लावा आणि उत्तरं वेगळी का आली, ते मुलांनाच शोधू द्या.