मोतीबिंदू आणि वार्धक्यातील मन

भातसानगरपासून मुरबाडपर्यंतच्या पाड्यांवर दृष्टी मंदावलेला वृद्ध जेव्हा ओसरीवरच बसून राहतो, चेहरे ओळखू न आल्याने बोलणे टाळतो आणि पडण्याच्या धास्तीने शेताचा बांधही वर्ज्य करतो, तेव्हा त्याचे औदासीन्य घरची माणसे वयाच्या खाती जमा करतात; हा हिशेब पुष्कळदा चुकतो, कारण त्याचे मूळ डोळ्यांतील गढुळलेल्या भिंगात असू शकते. ते काढून कृत्रिम भिंग बसविण्याची शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या तासात उरकते, आणि १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य होते. उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवितो, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली नमूद केले. आजोबा अबोल झाले असतील, तर आधी त्यांचे डोळे तपासून घ्या.