यादीतले नाव



२०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीतली गोष्ट. आमच्या महाविद्यालयातला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मतदानासाठी रात्रीच्या एस.टी.ने गावी गेला. सकाळी तास-दीड तास रांगेत उभा राहिला. पाळी आली, यादी चाळली, नाव नाही! त्याने खिशातून आधार कार्ड काढले. केंद्रावरचे अधिकारी म्हणाले, "बाळ, कार्डावरून तू कोण ते कळतं. पण मत द्यायचं तर नाव यादीत लागतं."

परत आल्यावर तो मला म्हणाला, "सर, आजी मत देऊन आली, बाबा देऊन आले, मी मात्र दाराबाहेरच राहिलो."

मी राज्यशास्त्र शिकवतो. घटनेचे ३२६ वे कलम मी त्याच्याकडून पाठ करून घेतले होते. पण कोणता अर्ज भरायचा, हे कधी सांगितले नव्हते. चूक त्याच्याइतकीच माझी. म्हणून आज हा विषय.

मंडळी, हा हक्क आयता मिळालेला नाही. इंग्रजी अमदानीत ज्याच्यापाशी जमीन, कराची पावती किंवा ठरावीक शिक्षण, त्यालाच मत. शेतमजुराने दुरून पाहायचे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढाला मत हवे अशी मागणी केली. पुढे राज्यघटनेने ती मान्य केली. श्रीमंत-गरीब, शिकलेला-अडाणी, बाई-पुरुष, सर्वांना एकेक मत. तेव्हा वयाची अट २१ वर्षांची होती. १९८९ साली ६१ व्या घटनादुरुस्तीने ती १८ वर आली.

यादीचे महत्त्व तर पहिल्या निवडणुकीपासूनचे. १९५१-५२ साली उत्तरेकडच्या भागांत अनेक बायकांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख नोंदी यादीतून काढाव्या लागल्या. हक्क होता, पण नाव नव्हते. म्हणून मत नव्हते. आजचा आमचा शिकलेला मुलगा त्याच दारात उभा राहावा, ही खेदाची गोष्ट नव्हे काय?

आता नाव नोंदवायचे कसे, ते ऐका. अर्ज आहे नमुना ६. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या वर्षातल्या चार तारखा धरलेल्या आहेत. ज्या तारखेला अठरा पुरी होतात, त्या तारखेपासून नाव लागू शकते. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. अर्ज गावच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बी.एल.ओ.कडे द्यावा, किंवा मोबाईलवरून भरावा. शहरात वसतिगृहावर राहणाऱ्याने नाव गावी ठेवावे किंवा राहत्या ठिकाणी नोंदवावे. दोन्हीकडे मात्र चालत नाही. पत्ता बदलला, नावात चूक झाली, तर नमुना ८. आणि हे सगळे निवडणुकीची दवंडी पिटायच्या आधी करावे. उमेदवारी अर्जांची मुदत संपली, की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते.

कुणी म्हणेल, "माझ्या एका मतानं काय होणार?" २०२४ सालीच मुंबई वायव्य मतदारसंघात नऊ लाखांवर मते पडली आणि निकाल लागला अवघ्या ४८ मतांनी. आमच्या एका वर्गाचा पट याहून मोठा असतो!

दुसरा म्हणतो, "एकही उमेदवार पटत नाही." तरीही केंद्रावर जावे. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण २०१३ पासून त्यासाठीच आहे. घरी बसलेल्याची नापसंती कुणाच्या हिशेबात येत नाही.

तिसरा दबक्या आवाजात विचारतो, "भावकीला कळलं तर?" नाही कळणार. आडोशाला आपण आणि यंत्र, तिसरे कुणी नाही. तिथे थोरल्या काकांचा शब्द चालत नाही, नोटेचाही चालू नये. नोट दोन दिवसांत सरते. निवडून दिलेला माणूस पाच वर्षे राहतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी पुष्कळजण बी.एल.ओ.चे काम करतात. यादीच्या कामाचा बोजा किती, हे मी जाणतो. तरी एक विनंती. बारावीच्या वर्गात एक तास काढा. मुलांना नमुना ६ दाखवा, त्यांच्या हातून भरून घ्या. नागरिकशास्त्राचा तो सर्वांत चांगला धडा ठरेल.

आणि आईवडिलांनो, मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला ओवाळाल, तेव्हा सहज विचारा, "बाळा, यादीत नाव घातलंस का?"

आमच्या त्या विद्यार्थ्याने पुढच्याच महिन्यात अर्ज भरला. नाव लागल्यावर यादीचे पान मला दाखवायला आणले. आजीच्या नावाखाली चार ओळी सोडून त्याचे नाव होते. तो काही बोलला नाही. नावावर नुसते बोट ठेवून उभा राहिला.