घर बघताना बाहेर पडायचा रस्ताही बघा

फ्लोरिडातल्या टँपात किंवा टेक्ससमधल्या ह्यूस्टनमध्ये घर बघायला गेलेला मुलगा पुण्याला व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघर दाखवतो, मागचं अंगण दाखवतो, शाळा किती जवळ आहे ते सांगतो. पाणी भरतं का, हे आता बरेच जण एजंटला विचारतात. एजंट पुराचा नकाशा उघडतो, घर ‘एक्स’ झोनमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या भागाबाहेर निघतं, बँक पुराच्या विम्याची सक्ती करत नाही, आणि विषय मिटतो. पण वादळ आलं तर या घरातून कोणाला घेऊन, कुठल्या रस्त्याने आणि किती तास आधी निघावं लागेल, हे कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न घराच्या किमतीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पहिला घोळ नकाशांचाच आहे. एजंट दाखवतो तो फेमा या अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणेचा नकाशा. दरवर्षी पूर येण्याची शक्यता 1 टक्का किंवा जास्त असलेला भाग त्यात धोक्याचा धरतात. 30 वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ही 1 टक्क्याची शक्यता सुमारे 26 टक्क्यांवर जाते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. फ्लोरिडातल्या काउंट्यांचा नकाशा वेगळा. वादळ समुद्राचं पाणी किती आत ढकलेल, त्या अंदाजावर त्यात ए, बी, सी असे स्थलांतराचे झोन पाडलेले असतात. ‘ए’ने सगळ्यात आधी निघायचं. फेमाच्या नकाशातही ‘ए’ असतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. तिथे ‘एक्स’ असलेलं घर इथे ‘बी’मध्ये असू शकतं. काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की झोन फुकट कळतो. मोबाइल होम असेल तर झोन कुठलाही असो, आदेश आला की निघावंच लागतं.

मग रस्ता. पिनेलास काउंटीतून टँपाकडे यायचं तर बहुतेकांना खाडीवरचे पूल ओलांडावे लागतात, आणि जोराचा वारा सुटला की पूल बंद होतात. फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेला बाहेर नेणारा मुख्य रस्ता एकच, यूएस-1. सगळी वस्ती साधारण 24 तासांत बाहेर काढता आली पाहिजे, या हिशोबाने तिथे नव्या घरांचे परवाने वर्षानुवर्षं मोजून दिले गेले. वेळही दर वेळी पुरेसा मिळतो असं नाही. 2022 साली इयन हे चक्रीवादळ टँपाच्या रोखाने येईल असा अंदाज बराच काळ होता. दक्षिणेच्या ली काउंटीने सक्तीच्या स्थलांतराचा आदेश 27 सप्टेंबरला सकाळी काढला, आणि 28ला दुपारी वादळ तिथेच किनाऱ्याला लागलं. फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून 10 ते 15 फूट पाणी चढलं. सॅनिबेल बेटाला जोडणारा रस्ता जागोजागी तुटला.

पण प्रत्येकाने पळावं, असंही नाही. सप्टेंबर 2005 मध्ये, कतरिना वादळाच्या भयानंतर महिनाही झाला नव्हता तेव्हा, रीटा हे वादळ येतंय म्हणून ह्यूस्टन परिसरातून 25 लाखांवर लोक निघाले. त्यातल्या कित्येकांना निघायची गरजच नव्हती. मैलोन् मैल गाड्या उन्हात ठप्प झाल्या, पेट्रोल संपलं. वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन निघालेल्या एका बसला डॅलसजवळ आग लागली आणि 23 जण गेले. वादळ शेवटी पूर्वेला वळलं. टेक्ससमध्ये शंभरावर बळी गेले ते बहुतेक या धावपळीत. ज्या घरात बिनधोक थांबता येतं, त्या घराची खरी किंमत इथे कळते.

मराठी घरांत याला आणखी एक बाजू आहे. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात ते बहुधा उन्हाळा धरून, आणि वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. गुडघे दुखणारी आई, फ्रिजमध्ये ठेवायचं इन्सुलिन, तान्हं मूल, आणि अडकलेल्या रांगेत बारा तास. दोघांचंच बिऱ्हाड असताना ‘ए’ झोनमधला समुद्राकाठचा फ्लॅट परवडेल. अशा कुटुंबाला परवडणार नाही.

झोनचा नकाशाही सगळं सांगत नाही. 2017 मध्ये हार्वे वादळाच्या वेळी ह्यूस्टन शहराने स्थलांतराचा आदेशच दिला नाही. रीटाची आठवण त्यामागे होती. पाणी आलं ते पावसाचं. पश्चिमेला बार्कर धरणामागच्या वस्त्यांत लोकांना बोटींतून काढावं लागलं. 1940च्या दशकातल्या या धरणाचं पाणी जिथवर फुगू शकतं तिथवर घरं झाली होती. फोर्ट बेंड काउंटीत नोंदवलेल्या काही लेआउटवर तशी टीपही होती. घर घेणाऱ्या कित्येकांना ती कोणी दाखवली नव्हती. म्हणून लेआउटची नोंदवलेली प्रत मागून घ्या आणि शेवटच्या टिपेपर्यंत वाचा.

विम्याचं थोडक्यात. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो, इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर देतो आणि हॉटेलचा खर्च देत नाही. घराच्या नेहमीच्या विम्यात चक्रीवादळाच्या नुकसानीचा बहुधा टक्केवारीने ठरलेला पहिला हिस्सा तुमचा: 4 लाखांच्या विम्यावर 5 टक्के म्हणजे 20 हजार डॉलर खिशातून.

माझा कौल आतल्या बाजूच्या, झोनबाहेरच्या, फ्लोरिडाच्या 2002 नंतरच्या बांधकाम नियमांनी बांधलेल्या, खिडक्यांना शटर असलेल्या घराला. समुद्र अर्ध्या तासावर असला तर काही बिघडत नाही. ‘ए’ किंवा ‘बी’मधलंच घर मनात भरलं असेल, तर वीस-तीस मैलांवर झोनबाहेर कोणाकडे जाता येईल ते आधी ठरवा; फ्लोरिडाची आपत्ती यंत्रणाही शेकडो मैल पळू नका असंच सांगते. 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथे घर विकणाऱ्याला पुराच्या विम्याचे दावे लेखी सांगावे लागतात. ते वाचाच, पण शेजाऱ्याचंही दार वाजवा. 2024 मध्ये हेलीन आणि मिल्टन ही वादळं दोन आठवड्यांच्या अंतराने आली, तेव्हा तुम्ही कधी निघालात, कुठल्या रस्त्याने, आणि घरी परत यायला किती दिवस लागले, हे त्याला विचारा.