मोल्सवर्थ हे आडनाव कोठून आले ?

मराठी शब्दाच्या अर्थाविषयी वाद पडला की अजूनही कोणीतरी म्हणतोच, "मोल्सवर्थ काढा, मोल्सवर्थ काय म्हणतो ते पाहू." हा मोल्सवर्थ म्हणजे माणूस नव्हे, ग्रंथ. कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ याने जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने आणि अनेक शास्त्रीमंडळींच्या परिश्रमाने तयार केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तेव्हापासून कर्त्याचे आडनाव हेच कोशाचे नाव होऊन बसले. कोश आपल्या परिचयाचा, आडनावही परिचयाचे. परंतु ते आडनाव मुळात काय आहे, कोठले आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. स्मरणिकेच्या वाचकांपुढे ती थोडीशी करावी असा आमचा हेतू आहे. तीत आपल्याही आडनावांचा संबंध येतो, तो कसा, ते ओघानेच दिसेल.

प्रथम एक गंमत सांगून टाकू. मराठीत 'मोल' म्हणजे किंमत, आणि इंग्रजीत 'वर्थ' म्हणजेही किंमत. तेव्हा मराठी-इंग्रजी कोशकाराच्या आडनावाचा पहिला भाग मराठीत आणि दुसरा भाग इंग्रजीत एकच गोष्ट सांगतो, असे वाटून विद्यार्थी फार खूष होतात. दुसरे काही जण शाळेतल्या इंग्रजीच्या बळावर 'मोल' म्हणजे जमीन पोखरणारा तो लहानसा प्राणी, किंवा अंगावरचा तीळ, असा अर्थ लावतात. यांपैकी एकही खरे नाही. आडनावांची व्युत्पत्ती आजच्या शब्दकोशात पाहून सांगता येत नाही. ती जुन्या कागदांत पाहावी लागते. जो नियम आपल्या गावांच्या नावांना, तोच इंग्रजांच्या आडनावांनाही लागू आहे.

जुना कागद येथे भरभक्कम आहे. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकले आणि वीस वर्षांनी, १०८६ साली, साऱ्या मुलखाची मोजदाद करविली. गावे कोणती, जमीन किती, नांगर किती, मालक कोण, हे सगळे तीत टिपले गेले. त्या बुकाला लोकांनी 'डूम्सडे बुक', म्हणजे कयामतच्या दिवसाचे बुक, असे नाव ठेवले. कारण त्यातील नोंदीवर अपील नाही! या बुकात हंटिंगडनशर परगण्यात 'मोल्सवर्दे' या नावाचे एक खेडे नोंदलेले आहे. हेच आपले मोल्सवर्थ. हंटिंगडनशर परगणा १९७४ साली केंब्रिजशरमध्ये विलीन झाला, पण खेडे आपल्या जागी आहे. त्याच्या नावातील 'वर्थ' हा किमतीचा वर्थ नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, आपण वाडी किंवा वाडगे म्हणू तसे काहीसे. वर्डस्वर्थ, बटरवर्थ, हेपवर्थ ही आडनावे आणि केनिलवर्थ, टॅमवर्थ ही गावे याच शब्दाने संपतात. पहिल्या भागात 'मूल' नावाच्या माणसाचे नाव आहे. म्हणजे मोल्सवर्थ ही 'मूलची वाडी'. हा मूल कोण, हे कोणत्याही कागदात नाही. मात्र त्या काळी हे नाव चालत असे. केंट प्रांतावर काही काळ राज्य करणारा आणि ६८७ साली जाळून मारला गेलेला एक मूल इतिहासात आहे. शब्दाचा अर्थ खेचर. बहुधा मिश्र कुळातल्या माणसाला दिलेले ते टोपणनाव असावे.

आता मुख्य प्रश्न. गावाचे नाव माणसाचे आडनाव कसे झाले ? इंग्लंडात आडनावे वंशपरंपरेने चालू लागली ती नॉर्मन राज्य आल्यानंतर. साधारणतः बाराव्या ते चौदाव्या शतकांत प्रथम सरदार-जमीनदारांत आणि मग सामान्यांत ती रूढ झाली. कोणाचे आडनाव धंद्यावरून पडले, कोणाचे बापाच्या नावावरून, कोणाचे एखाद्या लकबीवरून आणि कोणाचे गावावरून. एडवर्ड पहिला याच्या कारकिर्दीत वॉल्टर द मोल्सवर्थ नावाचा गृहस्थ बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशर या परगण्यांचा शेरीफ होता. नावातील हा 'द' म्हणजे आपला 'कर' समजावा. वॉल्टर मोल्सवर्थकर. पुढे तो 'द' गळून पडला आणि नुसते मोल्सवर्थ उरले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मोल्सवर्थ गावात राहणाऱ्याला मोल्सवर्थकर म्हणून काय ओळख पटणार ? तेथे सगळेच मोल्सवर्थकर. हे नाव चिकटते ते गाव सोडल्यावर. नव्या ठिकाणी चार वॉल्टर असले म्हणजे 'तो मोल्सवर्थहून आलेला' असे म्हणण्याची गरज पडते. म्हणून गावावरून पडलेले आडनाव हे त्या गावी राहिल्याचे प्रमाण नसून तेथून निघाल्याचे प्रमाण आहे. आमच्या वर्गाच्या हजेरीपटातही हेच दिसते. पेडणेकर, काणकोणकर, चिपळूणकर ही मुले बेळगावात असतात. त्यांतल्या कित्येकांनी पेडणे किंवा चिपळूण डोळ्यांनी पाहिलेलेही नसते. त्याच हजेरीपटात मुल्ला, नदाफ, बागवान, किल्लेदार, जमादार अशी आमच्या मुसलमान समाजातली आडनावे येतात. ती धंद्याची किंवा अधिकाराची, म्हणजे इंग्रजांच्या स्मिथ आणि बेकर यांच्या जातीची. बागवानाचा मुलगा आज बँकेत असला तरी आडनाव बागेतच राहिले आहे.

गावावरून पडलेल्या आडनावाचे भाईबंद प्रारंभी मूळ गावापासून दोन-चार दिवसांच्या पायी वाटेवरच सापडतात. मोल्सवर्थांचेही तसेच झाले. मात्र एखादी नोकरी, एखादी लढाई किंवा एखादे लग्न कुटुंबाला एकदम दूर फेकून देते. नॉर्दॅम्प्टनशरच्या बाजूचा एक जॉन मोल्सवर्थ एलिझाबेथ राणीच्या काळी कॉर्नवॉलच्या डचीचा हिशेबतपासनीस होऊन इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला गेला. पेन्कॅरो येथे त्या घराण्याने वाडा केला. तो आजही उभा आहे आणि वेडब्रिज गावात 'मोल्सवर्थ आर्म्स' नावाची खानावळही आहे. याच घराण्यातला हेंडर मोल्सवर्थ जमेका बेटात गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा अडत्या होता. पुढे १६८४ ते १६८७ या काळात त्याने तेथील गव्हर्नरचे काम पाहिले आणि १६८९ साली त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. घराण्याच्या सगळ्याच कमाया अभिमानाने सांगण्यासारख्या नसतात.

दुसरी शाखा आयर्लंडात गेली. क्रॉम्वेलच्या फौजांच्या पाठोपाठ जे व्यापारी तेथे गेले त्यांत एक रॉबर्ट मोल्सवर्थ होता. त्याचा त्याच नावाचा मुलगा डेन्मार्कच्या दरबारी इंग्लंडचा वकील होता. तेथील अनियंत्रित राजसत्तेवर त्याने लिहिलेले पुस्तक १६९४ साली निघाले आणि बरेच गाजले. त्याला १७१६ साली व्हायकाउंट करण्यात आले. त्याचा मुलगा रिचर्ड याने १७०६ साली रामिली येथील लढाईत आपला घोडा सेनापती मार्लबरोला देऊन त्याचा जीव वाचविला. डब्लिन शहरातील मोल्सवर्थ स्ट्रीट या घराण्याची आठवण देते. याच वंशातले एक पाद्री १८३९ साली उत्तर इंग्लंडातील रॉचडेल या गिरण्यांच्या गावी धर्मोपदेशक होऊन गेले. त्यांचा मुलगा सर गिल्फर्ड मोल्सवर्थ हा इंजिनीयर. त्याने प्रथम सिलोनात रेल्वे बांधली आणि नंतर हिंदुस्थान सरकारचा रेल्वेविषयक सल्लागार म्हणून काम केले. त्याचे इंजिनीयरिंगच्या सूत्रांचे खिशात मावणारे पुस्तक आपल्याकडील जुन्या ओव्हरसियरांच्या हाती असे. म्हणजे हिंदुस्थानात 'मोल्सवर्थ' नावाची दोन पुस्तके होती. एक शास्त्रीबुवांचे आणि एक ओव्हरसियरसाहेबांचे.

पेन्कॅरोचे सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०-१८५५) यांनी तत्त्ववेत्ता हॉब्ज याचे समग्र ग्रंथ सोळा खंडांत संपादिले आणि कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीविरुद्ध पार्लमेंटात झुंज दिली. १८५५ साली ते वसाहतखात्याचे मंत्री झाले आणि थोड्याच महिन्यांत वारले. त्यांचे घराणे आणि वसाहतींचा व्याप यांमुळे हे नाव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचले. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियात एक मोल्सवर्थ गाव आहे, टास्मानियात दुसरे आहे. न्यूझीलंडच्या राजधानीत पार्लमेंटच्या शेजारून मोल्सवर्थ स्ट्रीट जातो, आणि त्याच देशातील सर्वांत मोठ्या गुरांच्या कुरणाचेही नाव मोल्सवर्थ आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,८०,००० हेक्टर. एका मूलच्या वाडीचे कुंपण कोठवर गेले पाहा !

इतके असूनही आडनाव दुर्मिळच राहिले. स्मिथ लाखांनी मोजावे लागतात, कारण प्रत्येक गावात लोहार होता आणि प्रत्येक लोहाराचे कुळ स्वतंत्र. मोल्सवर्थ गाव मात्र एकच, तेही चिमुकले. तेथून बाहेर पडलेली कुटुंबे असून असून किती असणार? शिवाय आडनाव मुलाकडे जाते, मुलीकडे नाही. ज्या पिढीत केवळ मुली झाल्या त्या पिढीत ती शाखा कागदावरून पुसली जाते, घरात माणसे भरपूर असली तरी. फ्रान्सिस गाल्टन आणि वॉटसन नावाचे पाद्री या दोघांनी १८७४ साली हे गणिताने मांडून दाखविले की पुष्कळ आडनावे कोणाचा दोष नसताना नुसत्या योगायोगाने नष्ट होतात. उलट रक्ताचा संबंध नसतानाही आडनाव प्रसिद्ध होते. 'द कुकू क्लॉक' ही मुलांची सुंदर कथा १८७७ साली लिहिणाऱ्या मिसेस मोल्सवर्थ या जन्माने स्टुअर्ट, आडनाव नवऱ्याचे. आणि १९५३ साली जेफ्री विलन्स याने एका विनोदी पुस्तकात नायजेल मोल्सवर्थ नावाचा शाळकरी पोर रंगविला, ज्याला एक शब्द धड लिहिता येत नाही. कोशकाराच्या आडनावाची याहून मोठी थट्टा आम्हां शिक्षकांनाही सुचली नसती.

एकच आडनाव असलेले लोक खरोखर एका पूर्वजाचे का, हे पाहण्याचे नवे साधन आता शास्त्रज्ञांच्या हाती आले आहे. पुरुषाच्या शरीरातील 'वाय' हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, म्हणजे आडनावाच्याच वाटेने. ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञाने आपल्याच आडनावाची परीक्षा करून २००० साली प्रसिद्ध केले की तपासलेल्या साइक्स पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांचे हे गुणसूत्र एकसारखे होते. पुढे टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९ साली चाळीस ब्रिटिश आडनावांचा अभ्यास मांडला. त्यात असे दिसले की आडनाव जितके दुर्मिळ, तितके ते धारण करणारे एका मुळाचे असण्याचा संभव अधिक. स्मिथांमध्ये असे काहीच नाते आढळले नाही, तर अ‍ॅटनबरोसारख्या, एका लहानशा गावावरून पडलेल्या आडनावात फारच मोठे साम्य निघाले.

पण रक्ताआधी कागदच पाहावा लागतो, आणि ते इंग्रजांना सोपे आहे. त्यांच्या प्रत्येक चर्चमध्ये १५३८ सालापासून बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम झाला. सरकारी जन्ममृत्यूनोंद १८३७ साली सुरू झाली. १८४१ पासूनच्या खानेसुमारीत माणसांची नावे सापडतात. मूळ खेड्याचे काय झाले तेही सांगता येते. दुसऱ्या महायुद्धात मोल्सवर्थजवळच्या विमानतळावरून अमेरिकन बाँबफेकी विमाने उडत होती. पुढे तेथे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरले, तेव्हा १९८१ साली शांततावाद्यांनी तेथे तळ ठोकला आणि १९८५ च्या फेब्रुवारीत सैनिक आणून तो उठविण्यात आला.

बेळगावकरांना या कथेत एक जवळचा धागा आहे. मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप करून तो १८६३ साली छापणारे बाबा पदमनजी हे १८३१ साली बेळगावात जन्मले. कोशाच्या पहिल्या आवृत्तीचे वर्षही तेच. त्यांचे आडनाव मुळे. मूलच्या वाडीतल्या साहेबाचा ग्रंथ मुळ्यांनी आटोपशीर केला, हा निव्वळ योगायोग. त्यातून कोणी व्युत्पत्ती काढू नये!

जाता जाता विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. या स्मरणिकेच्या शेवटी सभासदांची यादी नेहमीप्रमाणे छापली जाईल. तीत नाव, पत्ता आणि वर्गणी एवढेच रकाने असतात. त्यांत 'मूळ गाव' आणि 'बेळगावी केव्हा आलो' असे दोन रकाने वाढवावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ते भरता येतील, आणि ज्यांना ते सांगता येते अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ज्यांचे आडनाव मुल्ला किंवा देशपांडे आहे त्यांचे गाव आडनावात नाही, म्हणून त्यांनी तर ते आधी लिहून ठेवावे.