वृद्ध मातापित्यांसाठी साधा भ्रमणध्वनी : निवडीच्या कसोट्या

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्यानंतरच्या तीन दशकांत हे साधन चैनीच्या वस्तूंतून निघून नित्य गरजेच्या वस्तूंत येऊन बसले. याच काळात वृद्धांची संख्याही वाढत गेली. २०११ च्या जनगणनेनुसार साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्ती सुमारे १० कोटी ४० लक्ष, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होत्या. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस अथवा परदेशी आणि आईवडील सातारा-सिंधुदुर्गाकडील मूळ गावी, ही रचना महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांच्या परिचयाची आहे. अशा कुटुंबात आईला किंवा वडिलांना 'एखादा साधा फोन' घेऊन देणे ही किरकोळ खरेदी समजली जाते. वस्तुतः तिच्यात वार्धक्यातील इंद्रियव्यापार, स्मृती, यंत्ररचना आणि कुटुंबातील अधिकारसंबंध असे अनेक प्रश्न गुंतलेले असतात. त्यांचा क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. 'साधा' या शब्दाचा अर्थ

ज्यात सोयी कमी तो फोन साधा, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. बारीक अक्षरांचा, घट्ट बटणांचा आणि क्षीण आवाजाचा फोन सोयी कितीही कमी असल्या तरी वृद्धाला अवघडच जातो. उलटपक्षी, दहा वर्षे एकाच प्रकारचा फोन वापरणाऱ्या व्यक्तीला त्यातील गुंतागुंतीचा क्रमही सहज साधतो. तात्पर्य, साधेपणा हा केवळ यंत्राचा गुण नाही. यंत्र आणि ते वापरणारी विशिष्ट व्यक्ती यांच्या मेळातून तो उत्पन्न होतो. म्हणूनच 'वृद्धांसाठी उत्तम फोन कोणता' या प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर संभवत नाही. 'या व्यक्तीला कोणता फोन साधा' एवढाच प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे उत्तर दुकानात मिळण्यापूर्वी घरात शोधावे लागते.

२. श्रवण

फोनचे आद्य प्रयोजन ऐकणे हे असल्याने पहिला विचार श्रवणाचा केला पाहिजे. वयोमानानुसार येणाऱ्या बधिरतेत उच्च कंपनसंख्येचे ध्वनी प्रथम ऐकू येईनासे होतात. स्वर बहुधा खालच्या पट्ट्यात असतात, तर 'स', 'श' यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्ट्यावर अवलंबून असते. त्यामुळे 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत' ही वृद्धांची तक्रार शब्दशः खरी असते. 'सात' आणि 'साठ' यांतील भेद अंत्य व्यंजनाच्या क्षणिक ध्वनीवर अवलंबून आहे. औषधाची वेळ वा पैशांचा आकडा फोनवरून सांगताना असा भेद हरवला तर त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

येथे यंत्रणेचाही संबंध पोहोचतो. जुन्या दूरध्वनीचा ध्वनिपट्टा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आहे. चौथ्या पिढीच्या, म्हणजे फोरजी, जाळ्यावरील विस्तृत पट्ट्याच्या संभाषणात तो ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातो. मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंचे फोन आणि जाळे या सोयीला अनुकूल असावे लागतात. आवाज नुसता मोठा असणे पुरेसे होत नाही. अशा बधिरतेत मंद ध्वनी ऐकू येत नाहीत आणि किंचित मोठे ध्वनी मात्र लवकरच असह्य होतात. तेव्हा आवाजाच्या कमाल मर्यादेपेक्षा त्याची स्पष्टता व तो कमीजास्त करण्याची सुलभता अधिक महत्त्वाची ठरते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. दुसऱ्या पिढीचा, म्हणजे टूजी, फोन आपल्या लहरी सेकंदाला सुमारे २१७ स्पंदांनी सोडतो. त्यामुळे काही श्रवणयंत्रांत गुणगुण ऐकू येते. असा फोन श्रवणयंत्र कानात असताना लावून पाहिल्याखेरीज घेऊ नये.

३. दृष्टी आणि स्पर्श

विसाव्या वर्षी डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एकतृतीयांशच साठाव्या वर्षी पोहोचतो. बाहुली लहान होते आणि नेत्रमणी पिवळसर व दाट होतो. परिणामी अक्षराच्या आकाराइतकेच अक्षर व पार्श्वभूमी यांतील उठावाला महत्त्व येते. फिक्या निळ्यावर राखाडी अक्षरे कितीही मोठी केली तरी उपयोग थोडाच होतो. काळ्यावर पांढरी किंवा पांढऱ्यावर काळी अक्षरे श्रेयस्कर होत.

बटणांचा फोन की टचस्क्रीनचा, हा वाद नेहमी उपस्थित होतो. बटण दाबले गेल्याची खूण बोटाला मिळते. पाचाच्या अंकावरील उंचवट्यामुळे न पाहताही इतर अंकांची जागा कळते. टचस्क्रीनवर हा आधार नाही. शिवाय उतारवयात त्वचा शुष्क झाल्याने स्पर्श काही वेळा नोंदलाच जात नाही, आणि हाताला कंप असल्यास एका स्पर्शाचे दोन होतात किंवा बोट रेंगाळून भलतीच क्रिया घडते. या दृष्टीने बटणांचा फोन सरस आहे. परंतु टचस्क्रीनवर अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात आणि नावाऐवजी माणसाचे छायाचित्र ठेवता येते. सारांश, हात स्थिर पण दृष्टी मंद असेल तर टचस्क्रीन आणि दृष्टी बरी पण हात कापरा असेल तर मोठ्या, सुट्या बटणांचा फोन, असा स्थूल नियम सांगता येईल.

४. स्मृती आणि क्रम

वार्धक्यात नव्या गोष्टी लक्षात राहणे कठीण होते, तथापि हाताच्या अंगवळणी पडलेल्या क्रिया दीर्घकाळ टिकतात. ज्या फोनमध्ये एकाच बटणाचे काम प्रसंगपरत्वे बदलते, तो अशा व्यक्तीला सर्वांत जाचक होतो. घेण्याचे हिरवे बटण नेहमी घेण्याचेच आणि ठेवण्याचे लाल बटण नेहमी ठेवण्याचेच असावे. घडीच्या फोनमध्ये उघडले की संभाषण सुरू व मिटले की समाप्त अशी योजना करता येते. जुन्या दूरध्वनीचा रिसीव्हर उचलण्याच्या सवयीशी ती जुळते. जपानमध्ये 'राकुराकु' या नावाने निघालेल्या वृद्धोपयोगी फोनमालेत एका दाबात ठरावीक व्यक्तीला फोन लावणारी स्वतंत्र बटणे आणि पलीकडचे बोलणे संथ करून ऐकवण्याची सोय देण्यात आली. तिचे मूळ याच विचारात आहे.

याच कारणास्तव, जुना फोन बिघडल्यावर शक्य तो त्याच बनावटीचा व त्याच मांडणीचा नवा घ्यावा. क्रमांक बदलू नये. कंपनी बदलून क्रमांक कायम ठेवण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर उपलब्ध आहे. भाषेचा प्रश्नही येथेच येतो. भारतीय मानक आय. एस. १६३३३ (भाग ३) नुसार फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे. मात्र यंत्रातील सूची मराठीत केल्याने ती आपोआप सुबोध होत नाही. 'कॉल', 'मेसेज' या शब्दांना सरावलेल्या व्यक्तीस त्यांचे संस्कृतप्रचुर पर्याय परकेच वाटतात. नावे मात्र देवनागरीत आणि त्या व्यक्तीच्या बोलण्यातलीच लिहावीत. आईच्या फोनवर मुलाचे पूर्ण नाव व आडनाव लिहिण्यापेक्षा 'बाळू' लिहिणे अधिक उपयोगाचे.

५. जाळ्याचे आयुष्य

फोन टिकाऊ असला तरी ज्या जाळ्यावर तो चालतो ते टिकेलच असे नाही. अमेरिकेत २०२२ साली प्रमुख कंपन्यांनी तिसऱ्या पिढीची जाळी बंद केली आणि त्यांवर चालणारे चांगले साधे फोन निरुपयोगी झाले. भारतात २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात दुसरी व तिसरी पिढी नाहीच. त्यामुळे केवळ टूजी फोनमध्ये त्या कंपनीचे सिमकार्ड चालत नाही. एअरटेलने २०२० साली आपले थ्रीजी जाळे बंद केले. यास्तव आज साधा फोन घेतानाही तो फोरजीवर संभाषण करू शकतो की नाही हे पाहणे इष्ट होय. गावी, ज्या खोलीत ती व्यक्ती अधिक काळ बसते त्या खोलीत, कोणत्या कंपनीचे जाळे पोहोचते याची चौकशी तर प्रथम करावयास हवी.

६. सोयी कोणी वगळावयाच्या?

आणखी एक प्रश्न नाजूक आहे. साधा फोन निवडताना मुले बहुधा स्वतःच्या निश्चिंतीचा विचार करतात : आपण फोन केला की आईने उचलावा. आईची अपेक्षा मात्र निराळी असू शकते. तिला बहिणीशी बोलावयाचे असते, नातवंडाचे तोंड पाहावयाचे असते, निवृत्तिवेतनाचे काम कोणाला न विनवता उरकावयाचे असते. २०१४ साली सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' योजनेत २०२१ पासून चेहरा दाखवून हयातीचा दाखला घरूनच देता येतो, पण त्यासाठी अँड्रॉइड फोन लागतो. पैसे देण्याच्या बाबतीत मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली 'यूपीआय १२३पे' ही सेवा साध्या फोनवरही चालते. म्हणजे साध्या फोनमुळे काही दारे बंद होतात व काही उघडी राहतात. कोणती बंद व्हावीत याचा निर्णय वापरणाऱ्याने करावयाचा आहे.

साधा फोन म्हणजे सुरक्षित फोन, हाही भ्रमच आहे. फसव्या दुव्यांपासून तो वाचवतो हे खरे, परंतु गोड बोलून किंवा धाक घालून गुप्त क्रमांक विचारणारा आवाज त्यावरही पोहोचतो. तेथे उपयोगी पडते ती आधीच करून दिलेली जाणीव आणि १९३० हा तक्रारीचा क्रमांक. संकटप्रसंगासाठी भारतात १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये आपत्कालीन बटणाची सोय सक्तीची करण्यात आली. बटणांच्या फोनवर पाच किंवा नऊ हा अंक दाबून धरला की ती कार्यान्वित होते. ही गोष्ट घरात सांगून, दाखवून ठेवली पाहिजे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून निवडीची एक साधी पद्धत निष्पन्न होते. घेण्यापूर्वी तो फोन त्या व्यक्तीच्या हातात, तिच्याच घरी व तिच्याच सिमकार्डासह द्यावा. फोन घेणे, ठेवणे, ठरावीक माणसाला लावणे, आवाज वाढवणे आणि चार्जिंगला लावणे ही पाच कामे तिला एकदा दाखवावीत. दुसऱ्या दिवशी, कोणी न सांगता, ती कामे तिच्याकडून होतात का हे पाहावे. शेवटचे काम क्षुल्लक वाटते, परंतु चार्जरची बारीक पिन उलटसुलट करून बसवताना थकलेले हात अनेकदा फोन तसाच ठेवून देतात, आणि बंद पडलेल्या फोनला इतर कोणताही गुण तारत नाही. जे काम जमले नाही ते माणसाच्या नव्हे, यंत्राच्या दोषाच्या सदरी मांडावे आणि दुसरा फोन पाहावा. अशा रीतीने निवडलेला फोन मुलांना आईवडिलांपर्यंत पोहोचवतोच. आईवडिलांनाही तो त्यांच्या इच्छेने, त्यांना हव्या त्या माणसापर्यंत पोहोचवतो, आणि साधेपणाची खरी कसोटी तीच होय.